पैसा कोठून आणणार? विरोधकांच्या जाहीरनाम्याचा जमाखर्च

निवडणूक जाहीर झाली, की सत्ताधाऱ्यांकडून विरोधकांना विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो : या आश्वासनांसाठी पैसा कोठून आणणार? प्रश्न रास्त आहे. मात्र तो दोन्ही बाजूंना सारख्याच कठोरपणे विचारला जात नाही. सत्ताधारी पक्षाच्या हाती अर्थसंकल्प असतो, अर्थखात्यातील अधिकारी असतात आणि आचारसंहिता लागू होण्यापूर्वी घोषणेचे रूपांतर शासन निर्णयात करण्याची सोयही असते. विरोधी पक्षाकडे असतात ती छापील अर्थसंकल्पीय कागदपत्रे, महालेखापालांचे अहवाल आणि पक्षाला सल्ला देणारे चार-दोन अर्थतज्ज्ञ. एवढ्या सामग्रीवर त्याला पुढील पाच वर्षांचा जमाखर्च मांडावा लागतो.

हा जमाखर्च कसा मांडला जातो आणि तो मांडणाऱ्याचे पुढे काय होते, याचा सलग इतिहास ब्रिटनमध्ये पाहायला मिळतो. नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलिया यांनी या प्रश्नावर संस्थात्मक तोडगे शोधले. भारतात नियम आहे, पण हिशेब तपासणारा कोणी नाही. त्यामुळे आश्वासनाची किंमत मतदाराला निवडणुकीनंतर, बहुधा दुसऱ्याच नावाने, मोजावी लागते. महाराष्ट्राने १९९५ पासून हा अनुभव अनेकदा घेतला आहे.

उत्तराचे पाच मार्ग

विरोधी पक्षांची उत्तरे साधारणपणे पाच प्रकारांत मोडतात. पहिला मार्ग ठरावीक करवाढीचा : कोणावर, किती आणि केव्हापासून कर वाढेल, हे आधीच सांगून टाकणे. दुसरा बचतीचा : उधळपट्टी, गळती आणि भ्रष्टाचार रोखून पैसा उभा करणे. तिसरा कर्जाचा. चौथा आर्थिक वाढीचा : अर्थव्यवस्था वेगाने वाढेल आणि तिच्याबरोबर महसूलही वाढेल, असे गृहीत धरणे. पाचवा मार्ग तिजोरीला हात न लावण्याचा. म्हणजे खर्चाचा भार बाजारावर, जमिनीच्या किमतीवर अथवा केंद्र सरकारवर टाकण्याचा.

यांपैकी पहिला मार्ग सर्वांत सहज तपासता येण्याजोगा आहे आणि म्हणूनच राजकीयदृष्ट्या सर्वांत धोक्याचा. बचत आणि वाढ या दोहोंचे आकडे निवडणुकीपूर्वी कोणालाच खोडता येत नाहीत. साहजिकच बहुतेक पक्षांचा ओढा त्यांच्याकडे असतो.

१९९२ : प्रामाणिक हिशेबाची किंमत

ब्रिटनमध्ये एप्रिल १९९२च्या निवडणुकीपूर्वी मजूर पक्षाने पहिला मार्ग निवडला. पक्षाचे छाया अर्थमंत्री जॉन स्मिथ यांनी १६ मार्च १९९२ रोजी चक्क ‘छाया अर्थसंकल्प’ सादर केला. एकट्या निवृत्तिवेतनधारकास आठवड्याला ५ पौंड आणि दांपत्यास ८ पौंड वाढ, तसेच बालभत्त्यात वाढ ही खर्चाची बाजू होती. जमेच्या बाजूला प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ४० टक्क्यांवरून ५० टक्के करणे आणि राष्ट्रीय विमा वर्गणीवरील उत्पन्नाची कमाल मर्यादा काढून टाकणे, असे दोन स्पष्ट प्रस्ताव होते. दहापैकी आठ जणांचा यात फायदाच आहे, असे स्मिथ यांचे म्हणणे होते.

हुजूर पक्षाने मात्र हल्ल्याची तयारी जानेवारीतच केली होती. मजूर पक्षाच्या आश्वासनांची एकत्रित किंमत ३५ अब्ज पौंड ठरवून सरासरी करदात्याला वर्षाला १,२५० पौंड अधिक भरावे लागतील, असा प्रचार सुरू झाला. ‘मजूर पक्षाचा कर-बाँब’ या मथळ्याची भित्तिपत्रके देशभर झळकली. विमा वर्गणीची मर्यादा सुमारे २१ हजार पौंड वार्षिक उत्पन्नावर होती. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये एवढे कमावणारा माणूस स्वतःला श्रीमंत समजत नव्हता. त्याला हा प्रस्ताव थेट आपल्यावरचा वाटला. निवडणुकीत हुजूर पक्ष २१ जागांच्या बहुमताने पुन्हा सत्तेवर आला.

पराभवाची कारणे एकाहून अधिक होती. तथापि ‘करवाढीचा आकडा सांगितला म्हणून हरलो’ हाच धडा मजूर पक्षाने घेतला. विजयी पक्षाचे पुढे काय झाले, हेही नोंदण्यासारखे आहे. अर्थमंत्री नॉर्मन लॅमाँट यांनी मार्च १९९३च्या अर्थसंकल्पात घरगुती इंधनावर मूल्यवर्धित कर लागू करण्याची घोषणा केली आणि इतरही कर वाढवले. निवडणुकीपूर्वी कर सांगणारा पक्ष हरला. न सांगणाऱ्याने जिंकल्यावर ते वाढवले.

हिशेब लहान करण्याचे तंत्र

१९९७च्या निवडणुकीला मजूर पक्ष वेगळ्या तयारीने उतरला. छाया अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी जानेवारी १९९७मध्ये जाहीर केले, की प्राप्तिकराचे मूळ व सर्वोच्च दर वाढवले जाणार नाहीत आणि पहिली दोन वर्षे हुजूर सरकारने आखलेल्या खर्चमर्यादाच पाळल्या जातील. या एका घोषणेने विरोधकांच्या हिशेबावरचा वादच संपला. कारण खर्चाचा आराखडा सत्ताधाऱ्यांचाच होता.

उरलेली आश्वासने मोजकी ठेवण्यात आली आणि प्रत्येकीसमोर तिचा पैसा लिहिला गेला. लहान मुलांच्या वर्गातील पटसंख्या ३०च्या आत आणण्यासाठी खासगी शाळांतील जागांवर होणारा सरकारी खर्च बंद करायचा, तर अडीच लाख तरुणांच्या रोजगार योजनेसाठी खासगीकरण झालेल्या सेवा कंपन्यांवर एकदाच कर लावायचा. हा कर सत्तेवर येताच लावण्यात आला आणि त्यातून सुमारे ५.२ अब्ज पौंड मिळाले. मजूर पक्षाला १७९ जागांचे बहुमत मिळाले. कर भरणारा मतदार नसून कंपनी असली, की करवाढही लोकप्रिय ठरू शकते, हे यातून दिसले.

२००५मध्ये विरोधात असलेल्या हुजूर पक्षाने बचतीचा मार्ग धरला. डेव्हिड जेम्स या उद्योजकाकडून सरकारी खर्चाची पाहणी करवून ३५ अब्ज पौंडांची बचत शक्य असल्याचे पक्षाने सांगितले. त्यांपैकी २३ अब्ज शाळा-रुग्णालयांसारख्या सेवांना, ८ अब्ज कर्ज कमी करण्यास आणि ४ अब्ज करकपातीस, अशी वाटणीही जाहीर झाली. मात्र पक्षाचे उपाध्यक्ष हॉवर्ड फ्लाइट यांनी एका बैठकीत, प्रत्यक्षात याहून अधिक कपात होऊ शकेल, असे सुचवले. ते बाहेर येताच त्यांना पद आणि उमेदवारी दोन्ही गमवावी लागली. बचतीच्या आकड्यामागे न सांगितलेला दुसरा आकडा आहे, अशी शंका आली की सारा तक्ताच डळमळतो.

तक्ता आणि तक्त्याबाहेरचा आकडा

२०१७मध्ये जेरेमी कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखालील मजूर पक्षाने जाहीरनाम्यासोबत खर्च व उत्पन्नाची स्वतंत्र पुस्तिका काढली. ४८.६ अब्ज पौंडांचा नवा खर्च आणि तेवढेच नवे उत्पन्न, असा तो ताळेबंद होता. उत्पन्नाचा सर्वांत मोठा वाटा कंपनीकर २६ टक्क्यांवर नेण्यातून येणार होता. अर्थतज्ज्ञांनी उत्पन्नाचे अंदाज जास्त धरल्याची टीका केली. राष्ट्रीयीकरणाचा खर्च या तक्त्यात नव्हता, हेही दाखवून दिले. तरीही तपासायला काही तरी समोर होते. सत्ताधारी हुजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात असा तक्ता जवळजवळ नव्हताच. त्या निवडणुकीत मजूर पक्षाच्या ३० जागा वाढल्या आणि हुजूर पक्षाने बहुमत गमावले.

२०१९मध्ये याच पक्षाने सुमारे ८३ अब्ज पौंडांचा तक्ता मांडला. पण जाहीरनामा प्रसिद्ध झाल्यानंतर काही दिवसांतच, निवृत्तिवय वाढल्यामुळे नुकसान झालेल्या महिलांना पाच वर्षांत ५८ अब्ज पौंड भरपाई देण्याचे नवे आश्वासन देण्यात आले. ते तक्त्याबाहेरचे होते. इतक्या मोठ्या रकमेला आधीच्या हिशेबात जागा नसल्याने मूळ तक्त्याच्या विश्वासार्हतेवरही प्रश्नचिन्ह लागले. पक्षाचा मोठा पराभव झाला. त्याला ब्रेक्झिटसह इतर कारणेही होती.

२०२४मध्ये पुन्हा सावधगिरीचा काळ आला. प्राप्तिकर, राष्ट्रीय विमा आणि मूल्यवर्धित कर वाढवणार नाही, असे मजूर पक्षाने सांगितले. हरित ऊर्जेसाठी वर्षाला २८ अब्ज पौंड खर्च करण्याचे २०२१मधील आश्वासन फेब्रुवारी २०२४मध्ये मागे घेण्यात आले. पंतप्रधान ऋषी सुनाक यांनी मजूर पक्ष प्रत्येक कुटुंबावर २,००० पौंडांचा बोजा टाकील, असा आरोप केला. आकडे सरकारी अधिकाऱ्यांनी काढल्याचे भासवले गेले. मात्र हुजूर पक्षाच्या एकूण आकड्यात अधिकाऱ्यांनी न काढलेल्या रकमाही आहेत, असे अर्थखात्याच्या प्रमुख सचिवांनी लेखी कळवल्याचे उघड झाले. मजूर पक्ष जिंकला. जुलैमध्ये नव्या अर्थमंत्री रेचेल रीव्हज यांनी २२ अब्ज पौंडांची तूट आढळल्याचे सांगितले आणि ऑक्टोबरच्या अर्थसंकल्पात सुमारे ४० अब्ज पौंडांची करवाढ केली. त्यातील मोठा भाग मालकांच्या राष्ट्रीय विमा वर्गणीतून, ती १३.८ टक्क्यांवरून १५ टक्के करून, उभा करण्यात आला.

ब्रिटनमध्ये २०१०पासून अर्थसंकल्पीय अंदाज काढणारे स्वतंत्र कार्यालय आहे. आमचा जाहीरनामा या कार्यालयाने तपासावा, अशी मागणी मजूर पक्षाचे तत्कालीन छाया अर्थमंत्री एड बॉल्स यांनी २०१३मध्ये केली होती. सरकारने ती नाकारली. आपला हिशेब तपासून घ्यायला विरोधक तयार असूनही तपासणाऱ्याला तशी परवानगी नव्हती.

तटस्थ हिशेबनीस

नेदरलँड्सने हा प्रश्न बऱ्याच आधी हाताळला. तेथील केंद्रीय नियोजन कार्यालय १९४५मध्ये स्थापन झाले. अर्थशास्त्राचे पहिले नोबेल मिळवणारे यान टिनबर्गेन हे त्याचे पहिले संचालक. १९८६च्या निवडणुकीपासून हे कार्यालय पक्षांच्या जाहीरनाम्यांचे आर्थिक परिणाम मोजून मतदानापूर्वी प्रसिद्ध करते. सत्ताधारी व विरोधक यांना एकच फूटपट्टी लागते. या पद्धतीवर आक्षेपही आहेत. कार्यालयाच्या गणिती प्रारूपात चांगले दिसेल असेच धोरण पक्ष आखू लागतात, ही टीका जुनी आहे. शिवाय सहभाग ऐच्छिक आहे. नोव्हेंबर २०२३च्या निवडणुकीत १५०पैकी ३७ जागा मिळवून पहिल्या क्रमांकावर आलेल्या गीर्ट विल्डर्स यांच्या पक्षाने आपला जाहीरनामा तपासणीसाठी दिलाच नव्हता.

ऑस्ट्रेलियात १९९६च्या सत्तांतरानंतर आधीच्या सरकारने सांगितल्यापेक्षा तिजोरीची स्थिती बरीच वाईट असल्याचे आढळले. त्यातून १९९८मध्ये अर्थसंकल्पीय प्रामाणिकपणाचा कायदा आला. निवडणूक घोषित होताच दहा दिवसांच्या आत तिजोरीची खरी स्थिती मांडणारा अहवाल अर्थखात्याने स्वतःच्या जबाबदारीवर प्रसिद्ध करायचा, अशी त्यात तरतूद आहे. त्यामुळे ‘आम्हाला आतली परिस्थिती माहीत नव्हती’ ही सबब निवडणुकीनंतर कोणालाही सांगता येत नाही.

विरोधकांनी आपली धोरणे अर्थखात्याकडे तपासणीसाठी पाठवावीत, अशी सोयही याच कायद्यात होती. पण सरकारच्याच खात्यावर विश्वास कसा ठेवायचा, हा पेच राहिला. २०१०मध्ये टोनी अॅबट यांच्या विरोधी आघाडीने एका धोरणाची तपासणी वृत्तपत्रांकडे फुटल्याचे कारण देऊन अर्थखात्याला नकार दिला आणि खासगी लेखापालांकडून हिशेब करून घेतला. निकाल त्रिशंकू लागला. निर्णायक ठरलेल्या अपक्ष खासदारांनी हिशेब अर्थखात्याकडे पाठवण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यात ७ ते ११ अब्ज डॉलरची तफावत निघाली. अखेर दोन अपक्षांच्या पाठिंब्याने मजूर पक्षाच्या ज्युलिया गिलार्ड पंतप्रधान झाल्या.

यानंतर २०१२मध्ये संसदेला उत्तरदायी असलेले अर्थसंकल्प कार्यालय सुरू झाले. कोणताही खासदार तेथे आपल्या प्रस्तावाचा खर्च गोपनीय रीतीने काढून घेऊ शकतो. निवडणुकीनंतर हे कार्यालय प्रमुख पक्षांच्या सर्व आश्वासनांचा एकत्रित खर्च प्रसिद्ध करते. म्हणजे हरलेल्याचाही हिशेब होतो.

भारतात : नियम आहे, तपासनीस नाही

तामिळनाडूत २००६मध्ये रंगीत दूरचित्रवाणी संच आणि २०११मध्ये मिक्सर, पंखे, लॅपटॉप यांच्या आश्वासनांवरून झालेला वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. सुब्रमणियम बालाजी खटल्याच्या ५ जुलै २०१३च्या निकालात न्यायालयाने जाहीरनाम्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्याचा आदेश निवडणूक आयोगाला दिला. त्यानुसार २०१४मध्ये आचारसंहितेत भर पडली. आश्वासनामागील कारणमीमांसा आणि त्यासाठी लागणारा पैसा उभारण्याचे मार्ग पक्षांनी स्थूलमानाने सांगावेत, अशी अपेक्षा त्यात आहे. ‘स्थूलमानाने’ या शब्दातच पळवाट आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये आयोगाने एक नमुना तक्ताच सुचवला : लाभार्थी किती, एकूण खर्च किती आणि तो करातून, खर्चकपातीतून की कर्जातून भागवणार. मात्र काँग्रेससह अनेक पक्षांनी हा विषय आयोगाच्या अधिकारकक्षेबाहेरचा असल्याची भूमिका घेतली.

२०१९च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने पाच कोटी गरीब कुटुंबांना वर्षाला ७२ हजार रुपये देणारी ‘न्याय’ योजना जाहीर केली. खर्चाचा गुणाकार सोपा होता : ३ लाख ६० हजार कोटी रुपये. हा पैसा कोठून येणार, याचे नेमके उत्तर देणे अवघड होते. ५ एप्रिल २०१९ रोजी पुण्यात विद्यार्थ्यांशी बोलताना राहुल गांधी यांनी मध्यमवर्गावर प्राप्तिकराचा बोजा टाकणार नाही, अशी ग्वाही दिली. म्हणजे पैसा कोणाकडून घेणार नाही, हे स्पष्ट झाले. कोणाकडून किती घेणार, याचा तक्ता मात्र पुढे आला नाही.

राज्यांची अडचण आणखी मोठी आहे. जुलै २०१७मध्ये वस्तू व सेवा कर आल्यापासून बहुतेक मालावरील कर एखादे राज्य एकट्याने वाढवू शकत नाही. हातात उरतात ती पेट्रोल-डिझेल, मद्य, मुद्रांक शुल्क, वाहनकर आणि वीज शुल्क अशी मोजकी साधने. कर्जालाही केंद्राने घातलेली मर्यादा आहे. त्यामुळे विरोधकांनी सांगितले नाही, तरी त्यांच्या आश्वासनांचा पैसा कोठून येईल, याचा अंदाज बांधता येतो. कर्नाटकात काँग्रेसने २०२३ची निवडणूक पाच हमींवर जिंकली. वार्षिक खर्च सुमारे ५२ हजार कोटी रुपये असल्याचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी जुलै २०२३च्या अर्थसंकल्पात सांगितले, त्याच अर्थसंकल्पात मद्यावरील अबकारी शुल्क वाढले आणि जून २०२४मध्ये पेट्रोल-डिझेल सुमारे तीन रुपयांनी महागले.

महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्रात विरोधकांनी पैशाचे उत्तर सर्वांत कल्पकतेने दिले, ते १९९५मध्ये. मुंबईतील ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याच्या शिवसेनेच्या आश्वासनाला तिजोरीतून पैसा लागणारच नव्हता. विकासकाला वाढीव चटईक्षेत्र द्यायचे, त्याने खुल्या बाजारात विकलेल्या सदनिकांच्या नफ्यातून झोपडीधारकांची घरे बांधायची, अशी ही रचना होती. युतीची सत्ता आल्यावर त्याच वर्षी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण अस्तित्वात आले. परंतु ज्या घरांच्या किमतीवर सारा हिशेब उभा होता, त्याच किमती पुढच्या काही वर्षांत घसरल्या आणि अनेक प्रकल्प अडकून पडले. आठ लाख घरांचे उद्दिष्ट तीन दशकांनंतरही गाठता आलेले नाही. योजना मात्र टिकली. कारण तिला उत्पन्नाचे काही तरी साधन होते.

२००४मध्ये याच्या उलट घडले. शेतकऱ्यांना मोफत विजेचे आश्वासन प्रथम विरोधातील शिवसेनेने दिले. त्याला शह देण्यासाठी सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने निवडणुकीपूर्वीच तसा निर्णय घेतला. आघाडी पुन्हा सत्तेवर आली आणि २००५मध्ये विलासराव देशमुख सरकारने ती सवलत बंद केली. आश्वासन विरोधकांचे, घोषणा सरकारची आणि हिशेब कोणाचाच नाही, असा हा प्रकार होता.

२०२४मध्ये स्पर्धा उघडपणे रकमेवर आली. जूनमध्ये महायुती सरकारने महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारी ‘लाडकी बहीण’ योजना आणली, तिचा वार्षिक खर्च ४६ हजार कोटी रुपये सांगण्यात आला. तिजोरीला हे पेलणार कसे, असा प्रश्न विरोधकांनी विचारला. ३१ ऑक्टोबर रोजी काँग्रेस अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांनी बंगळुरूमध्ये, अर्थसंकल्प पाहूनच हमी द्या, अशा कानपिचक्या स्वपक्षीयांना दिल्या आणि त्यावरून पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी काँग्रेसवर टीका केली. त्यानंतर आठवडाभरातच महाविकास आघाडीने मुंबईत महिलांना दरमहा ३,००० रुपये, मोफत बसप्रवास आणि तीन लाख रुपयांपर्यंतची कर्जमाफी जाहीर केली. महायुतीने आपली रक्कम २,१०० रुपये करण्याचे आश्वासन दिले. सरकारी आकडाच प्रमाण मानला, तर ३,००० रुपयांच्या योजनेचा खर्च ९२ हजार कोटी रुपयांवर जात होता. ज्या बाजूने प्रश्न विचारला होता, तिलाच आता दुप्पट रकमेचे उत्तर द्यावे लागणार होते. महायुती मोठ्या बहुमताने जिंकली. मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात या योजनेसाठी ३६ हजार कोटी रुपयांची तरतूद झाली. २,१०० रुपयांची वाढ त्यात नव्हती.

मतदाराने काय पाहावे

या उदाहरणांवरून कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्याला लावता येतील असे काही निकष हाती येतात. खर्च एकदाचा आहे की दरवर्षीचा? सरकारी जमीन विकून कर्जमाफी एकदा देता येईल. दरमहाचे अनुदान त्यातून चालणार नाही. लाभार्थ्यांची संख्या दिली आहे का? ती नसेल, तर नंतर निकष कडक करून खर्च कमी करण्याची वाट मोकळी राहते. बचत सांगितली असेल, तर कोणती योजना अथवा खाते कमी होणार, त्याचे नाव आहे का? आणि जाहीरनाम्यानंतर दिलेली नवी आश्वासने मूळ हिशेबात धरली आहेत का?

हे प्रश्न सत्ताधाऱ्यांनाही तितक्याच काटेकोरपणे विचारले गेले पाहिजेत. अन्यथा १९९२मध्ये ब्रिटनमध्ये झाले तेच होत राहील : हिशेब देणारा अडचणीत येईल आणि न देणारा सुटेल. निवडणूक आयोगाने २०२२मध्ये सुचवलेला तक्ता तयार आहे. तो भरून घेण्याचा अधिकार कोणाला द्यायचा आणि भरलेले आकडे कोणी तपासायचे, हे संसदेला आणि विधिमंडळांना ठरवावे लागेल. तोवर हे काम अर्थसंकल्पाची कागदपत्रे वाचणाऱ्या नागरिकांकडे आणि वृत्तपत्रांकडेच राहणार आहे.